खिंडीचा फलक

मी एक जुना फलक आहे. लाकडाचा नव्हे, पत्र्याचाही नव्हे. मित्रांनो, मी इंटरनेटवर राहतो आणि ब्राउझरमध्ये उघडतो. काराकिर खिंड आज खुली आहे की बंद, एवढेच सांगणे हे माझे काम. हे काम लहान आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मेंढ्यांचा कळप घेऊन त्या खिंडीत एकदा बर्फात सापडून पाहावे.

नारीन गावात साइकाल नावाच्या बाईने मला घडवले; सारे तिला 'एजे', म्हणजे थोरली ताई, म्हणत. त्या काळी प्रोग्रामर मंडळींत दर हंगामाला नवे साधन निघे आणि जुने साधन वापरणाऱ्याकडे सारे कीव आल्यासारखे पाहत. साइकालने त्यातले एकही घेतले नाही. साधा मजकूर, एक तक्ता आणि जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळी, एवढाच माझा देह. त्या ओळी एकच काम करतात : रस्त्यावरच्या माणसांनी कळवलेली बातमी किती शिळी झाली, ते फोनच्या घड्याळावरून मोजत राहतात आणि ती फार शिळी झाली की मला लाल करतात. त्यासाठी मला कोणाला काही विचारावे लागत नाही. जे सांगायचे ते मी सोबत घेऊनच निघतो.

असे का, ते कुरणावरचा माणूसच जाणतो. उन्हाळी कुरणावर, जायलोवर, तंबूपाशी सिग्नल नसतो. कोणीतरी घोड्यावरून टेकडीच्या माथ्यावर जातो, मला उघडतो, फोन टोपीत खोचतो आणि खाली आणतो. मग तंबूत सगळे मिळून मला वाचतात. अशा कितीतरी टोप्यांतून मी उतरलो आहे.

कौतुकाचे दिवस सरले. शहरातून मेदेत नावाचा तरुण प्रोग्रामर साइकालच्या कचेरीत आला आणि मला पाहून हसला.

"साइकालएजे, हा काय कचरा? याच्यावर साधा नकाशासुद्धा हलत नाही!"

"खिंड तरी कुठे हलते, बाळा?" साइकाल म्हणाली.

तरीही कचेरीतल्या वरिष्ठांना त्याने माझ्या जागी बनवलेले नवे पान आवडले. ते देखणे होते, हे मी नाकारत नाही. मेदेत गावाहून परतला की मला पुसून टाकायचे, असे ठरले.

मेदेत गेला तो आपल्याच घरच्या जायलोवर. शरद ऋतूत कळप खाली उतरवायचा होता आणि वाट काराकिरमधूनच होती. त्याची आई अनारकान हिने त्याला टेकडीवर पिटाळले. त्याने माथ्यावर स्वतःचे नवे पान उघडले, नकाशा हललेला पाहून तो सुखावला आणि फोन टोपीत खोचून उतरला. तंबूत त्याने पडदा उजळवला, तर पांढऱ्या पानावर एक वर्तुळ गरगरत होते. जागे होताच जुने सारे पुसून पुन्हा विचारायला धावावे, अशी त्या पानाची रीत होती. आणि इथे उत्तर देणारे कोणी नव्हते.

"काय रे, खिंड कुठे गेली?" अनारकानने विचारले.

"आपा, वर दिसत होती. इथे सिग्नल नाही ना," मेदेत आईला म्हणाला.

"सिग्नल नाही म्हणून तर तुला घोड्यावर बसवलं! घोडीचं दूध आणायला पाठवावं, आणि पोरानं रिकामी चरवी पुढे करून म्हणावं, 'आपा, घोडीपाशी भरलेली होती'!"

शेजारचा कारीपबाय घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमीसचा वाडगा सांडेपर्यंत हसला. "शहरात शिकलाय वहिनी. दूध बघून येतो, आणत नाही."

"हसू नका, बाइके," मेदेत कारीपबायकडे पाहून पुटपुटला. "मी इथेच वाढलो आणि हेच विसरलो."

"आभाळ मोकळं आहे, निघूया सरळ," कारीपबाय म्हणाला. कळप उभाच होता.

"थांबा," असे म्हणून मेदेत पुन्हा टेकडीवर गेला. या वेळी त्याने मला उघडले. मी टोपीतून खाली उतरलो, तंबूत उजळलो आणि जसा निघालो तसाच उभा राहिलो : खिंड बंद, वरच्या वळणावर बर्फ, बातमी आज सकाळची. अनारकानने मेंढ्यांना पुन्हा कुंपणात घातले. पुढे पुन्हा टोपीतून उतरून वाट मोकळी झाल्याचे मी सांगितले, तेव्हाच कळप हलला. एकही मेंढी मागे राहिली नाही.

हे सारे मेदेतने नारीनमध्ये साइकालला सांगितले, तेव्हा मी तिच्या पडद्यावर उघडाच होतो.

"एजे, याला पुसू नका."

"का? कचरा होता ना?"

"होता म्हणालो खरा. पण माझं चकचकीत पान तिथे रिकामं निघालं. याला जरा सजवून देऊ का? कडेनं नक्षी?"

"हात लावशील तर खबरदार! नक्षीचं ओझं टेकडीवरून कोण उतरवणार?"

मित्रांनो, मला दया नको आणि हारही नको. नवे घडवू नका, असेही मी म्हणत नाही. मीही कधी नवाच होतो. पण जे घडवाल ते कोणाच्या हाती, कुठे उघडणार आहे, ते आधी जाऊन पाहा. आणि जे अजून काम करते आहे, ते केवळ जुने झाले म्हणून पुसू नका. मी कालबाह्य झालो की नाही, हा प्रश्न खुशाल विचारा. फक्त तो कचेरीत बसून विचारू नका. खिंडीच्या अलीकडे, उभ्या कळपापाशी येऊन विचारा.