निराहारी महाराजांची जांभळी चिमूट

गोठ्यापुढच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दूधकेंद्रावरून माणसं रिकाम्या किटल्या घेऊन तशीच आली होती. पोस्टमनने सायकल भिंतीला टेकवली होती आणि टपाल विसरून तो टाचा उंचावून बघत होता. मधोमध पाटावर बसले होते निराहारी महाराज. अठरा दिवस अन्नाचा कण पोटात गेलेला नाही, असं त्यांचा शिष्य ज्याला त्याला सांगत होता. महाराज गालातल्या गालात हसत होते. त्यांचे गाल मात्र चांगले भरलेले होते.

समोर सात वाट्या मांडलेल्या. प्रत्येक वाटीत महाराजांनी पांढऱ्या भस्माची चिमूट टाकली आणि तिच्यावर एकेका गाईच्या दुधाचे चार थेंब सोडले. सहा वाट्या पांढऱ्याच राहिल्या. सातवीतलं भस्म बघता बघता जांभळं झालं, अगदी दौत सांडल्यासारखं. ती वाटी टिकलीची होती.

टिकली ही त्या गोठ्यातली सगळ्यांत दुधाळ गाय. व्यायल्याला तीन आठवडे झाले होते. सुरुवातीला चरवी भरून वाहायची, मग एकाएकी तिने खुराकाला तोंड लावणं सोडलं. भिंत चाटायची, साखळी चघळायची, शून्यात बघायची. दूध अर्ध्यावर आलं. तिच्या श्वासाला आणि दुधालाही पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास येऊ लागला.

“नजर,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “पहाटे हिला जी पहिल्यांदा बघते, जिचा हात पहिल्यांदा लागतो, तिची. तीन दिवसांत ती नजर या घरातून गेली पाहिजे, नाहीतर गोठा रिकामा होईल.”

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या.

आत्या म्हणजे गोठ्याच्या मालकाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती भावाकडेच होती. बावीस वर्षं त्या गोठ्यात पहिली धार तिचीच. टिकली जन्मली तेव्हा तिला पोत्याने पुसून कोरडं केलं ते आत्याने. भावाने मान खाली घातली. संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, की मावसभावाकडे थोडे दिवस राहून ये, मग बघू. थोडे दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही कळत होतं. आत्याने ट्रंक काढली, चार लुगडी घातली आणि तिच्यावरच बसून राहिली. पाणी तेवढं प्यायची. ताट तसंच परत जायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावजय ताट घेऊन आली, जवळ वाकली आणि चटकन मागे सरकली.

“वन्सं, तुमच्या तोंडाला टिकलीसारखा वास येतोय.”

दुसरी कोणी असती तर भीतीने गारठली असती. आत्या मात्र तीन दिवसांत पहिल्यांदाच ताठ बसली. टिकली खात नाही, मी खात नाही, आणि दोघींना वास एकच, हे तिच्या मनात आलं. मग आठवलं, की त्या दिवशी महाराजांना पाणी द्यायला ती अगदी जवळ वाकली होती. अठरा दिवसांचा उपाशी माणूस, आणि त्यांच्या तोंडाला वास होता तो कांद्याचा.

तिने ताट झाकून ठेवलं आणि तडक जनावरांचा दवाखाना गाठला. तिथली डॉक्टरीणबाई नवी होती, हसरी होती. सगळं ऐकून तिने कपाटातून एक बाटली काढली. आत तसंच पांढरं भस्म.

“ही आमची तपासणीची पूड आहे, आत्या. गाय व्याली की दूध झरझर चढतं, भूक मात्र मागून रमतगमत येते. खाल्लेलं पुरत नाही, मग गाय अंगावरची चरबी वितळवते. ती फार घाईने वितळली की यकृताला पुरती जाळता येत नाही. अर्धवट जळलेलं जे उरतं, त्याचा तो गोड वास. ही पूड त्यानेच जांभळी होते.” मग तिने विचारलं, “आटली होती तेव्हा टिकलीला काय घालत होतात?”

आत्या ओशाळली. दूध नसतानाच्या त्या दोन महिन्यांत लाडाने तिने रोज दुप्पट पेंड चारली होती.

“म्हणजे चूक तुमचीच आहे,” डॉक्टरीणबाई हसत म्हणाली, “पण नजरेची नाही, पेंडीची. अंगाने सुटलेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि जास्त वितळते.”

दुपारी महाराज नजर घालवायला आले, तर अंगणात ट्रंकेशेजारी आत्या आणि डॉक्टरीणबाई उभ्या. आत्याने हात जोडून विचारलं, महाराज, उपास अजून चालूच आहे ना? एकविसावा दिवस, महाराज म्हणाले, कणसुद्धा नाही. मग आत्याने सर्वांसमोर विनंती केली, की दूध तर पाहिलंत, आता माणसांचीही परीक्षा व्हावी. आपल्याच भस्माने. पहिली वाटी माझ्या लघवीची, दुसरी आपली.

बायका पदराआड हसल्या. महाराज क्षणभर बिचकले, पण एवढ्या लोकांत मागे कसं हटायचं? ते गोठ्यामागे जाऊन आले. साक्षीला पोस्टमन बरोबर होता.

आत्याच्या वाटीतलं भस्म जांभळं झालं. गर्दी मागे सरकली. महाराज गरजले, “पाहा, पाहा.” मग त्यांची वाटी आली. भस्म पांढरंशुभ्र. त्यांनी वाटी उंच धरून सगळीकडे फिरवली. इथे दोषाचा डागही नाही, म्हणाले.

“नाहीच,” आत्या शांतपणे म्हणाली. “टिकलीला खाल्लेलं पुरत नाही, तिचं जांभळं. मी तीन दिवस उपाशी, माझं जांभळं. आणि तुम्ही एकवीस दिवस उपाशी, तुमचं पांढरं कसं हो?”

डॉक्टरीणबाईने आपली बाटली दाखवून पुडीचा गुण समजावला; उपाशी माणसाचीही चरबी अशीच वितळते आणि ते लघवीत उतरतं, हेही सांगितलं. सगळ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या. पोस्टमन मोठ्याने म्हणाला, “म्हणजे महाराज जेवलेत.” त्यावर जो हशा उठला, त्यात शिष्य कधी पसार झाला ते कळलंच नाही. महाराजांनाही एकाएकी दुसऱ्या गावचं काम आठवलं.

भावजयीने ताट आणलं आणि स्वतःच्या हाताने आत्याला पहिला घास भरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने हट्टाने पुन्हा वाटी भरली आणि सगळ्यांना दाखवली. पांढरी. टिकलीला शिरेतून ग्लुकोज आणि तोंडाने गोड औषध मिळालं. पाचव्या दिवशी ती खुराकाला भिडली आणि तिची वाटीही पांढरी झाली. ट्रंक भावानेच उचलून आत नेली. दुसऱ्या पहाटे आत्याच्या आधी उठून त्याने चरवी धुऊन ठेवली.

आता त्यातलं कोणी फारसं उरलं नाही, पण सांगण्यासारखं आहे ते एवढंच. समोर रंग बदलला तर हात जोडायला हरकत नाही, पण त्याआधी तीच चिमूट आणखी एका वाटीत टाकून बघावी. आणि ज्याने आणली, त्याची वाटी विसरू नये.

पुढच्या वेळी टिकली आटली, तेव्हा पेंडीसाठी मोठ्याने हंबरायची. आत्या तिच्या गळ्याखाली खाजवायची, समोर कडबा टाकायची आणि म्हणायची, “लाड पुष्कळ झाले, बाई. आता हिशेबाने खा.”