चित्राच्या दोन वाटा

मित्रांनो, कोपऱ्याला तडा गेलेला, सात वर्षांचा एक मोबाइल तुमच्याशी बोलतोय. मी शांती नगरात पायलकडे असतो. पायलला ऐकू येत नाही. बालवाडी शिक्षिका होण्यासाठीचा तास ती रोज अकरा वाजता माझ्यावर एका ॲपमध्ये पाहते. शिकवणाऱ्या बाई हातांच्या खुणांनी बोलतात.

त्या ॲपमधला व्हिडिओचा भाग तिच्या भावाने, धम्मदीपने, बनवला. चित्र दाखवायच्या दोन वाटा असतात. एका वाटेने ते सरळ पडद्यावर जातं. दुसऱ्या वाटेने ॲप ते आधी स्वतःच्या मांडणीत रंगवून घेतं. मग ते गोल करता येतं, अलगद लहान करता येतं; पण माझ्यासारख्याला काम दुप्पट पडतं. धम्मदीपने सरळ वाट निवडली होती. वर्षभर पायलचा एकही तास बुडाला नाही. "हा डबा बरा चालतोय," तो म्हणायचा. मला आयुष्यात मिळालेलं कौतुक तेवढंच.

मग त्याच्या वरिष्ठ, मिनल मॅडम, यांचा फोन आला.

"धम्मदीप, व्हिडिओ लहान करताना मध्येच काळं चमकतंय. आणि कोपरे गोल हवेत."

"त्याला ती दुसरी वाट धरावी लागेल, मॅडम. जुने फोन तापतील."

"जुने फोन आता आहेत किती जणांकडे?"

धम्मदीपने माझ्याकडे पाहिलं आणि "करतो" म्हणाला. त्याने बदल ऑफिसच्या नव्या फोनवर तपासला.

सोमवारी तो बदल माझ्यावर आला आणि मी दहा मिनिटांत तापलो. तापलो की मी मंदावतो, मधली चित्रं गाळतो. कानांनी ऐकणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. पायलचं ऐकणं त्या चित्रांतच होतं.

संध्याकाळी तिने भावाला खुणांनी विचारलं, "बाईंचा हात वर, मग एकदम खाली. मधलं तू खाल्लंस?"

तो हसला, मग त्याने मला उचलून पाहिलं. "मॅडमना सांगतो. नाहीतर दिवाळीत नवा फोन घेऊ."

परीक्षा ऑगस्टमध्ये होती. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी ॲप बदलू तेव्हा बघू.

पायल अजून अकराला तास लावते, कारण हजेरी लागते. मग मला टेबलावर पालथा ठेवून खिडकीशी जाऊन बसते. परीक्षेचा अर्ज तिने भरला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी ॲप बनवेल. निवड करण्याआधी ते घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडा, आणि तो ज्याचा आहे त्याच्या शेजारी बसून पाहा. आमच्यासाठी आता उशीर झालाय. सव्वाअकरा वाजलेत. बाई काहीतरी समजावतायत, आणि मी ते टेबलाच्या सनमायकाला दाखवतोय.