डुलाच्या शेळ्या

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली तेव्हा तामलवाडीच्या मथुराबाई आणि धोंडीबा या नवरा-बायकोकडं एकतीस शेरडं होती. जमीन नव्हती. छावणीतला चारा गुरांसाठी. शेळ्यांना कोण विचारतो? मागच्या दोन पायांवर उभं राहून बाभळीचा पाला ओढणारी शेरडं तगली. खाली पडलेलं हुंगत बसणारी माघापर्यंत एकेक करून गेली. उरली सोळा. ही निवड दुष्काळानं केली होती, आणि चोख केली होती.

चैत्रात एका झऱ्यावर सोळांना पाणी पुरेना, म्हणून कळप दोन वाटांनी न्यायचा ठरला. सकाळी मथुराबाईनं काट्यांचं फाटक बाजूला ओढलं, बाहेर पडतील तशी आठ मोजली आणि नवऱ्याकडं लावली. मागची आठ स्वतः घेतली. त्यात पारख कसलीच नव्हती. जी फाटकाजवळ उभी होती, ती आधी बाहेर पडली.

धोंडीबाची आठ शेरडं दुपारी रस्त्याच्या कामासाठी खोदलेल्या मुरुमाच्या खाणीत, सावलीला बसली. तो पाणी शोधायला पुढं गेला आणि मागं दरड कोसळली. त्यानं नखं फुटेपर्यंत मुरूम उपसला. एकही जिवंत निघालं नाही. कळपातला सगळ्यात दणकट काळा बोकडही त्यातच गेला.

मथुराबाईकडं सात शेळ्या आणि एक कोवळा बोकड राहिला. त्या बोकडाच्या गळ्याखाली मांसाची दोन बोटं लोंबायची. गावात त्या बोटांना डूल म्हणायचे. बाकीच्यांनी आपापले बोकड कधीच विकून टाकले होते, त्यामुळं पाऊस झाल्यावर सगळ्या गावाच्या शेळ्या त्या एकाच बोकडाकडं आल्या. पुढं त्याचीच पोरं, नातवंडं.

धोंडीबा मात्र त्यानंतर त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलला नाही.

एक्क्याऐंशी साली गावात शेळीपालनाची सहकारी संस्था निघाली. चेअरमन तात्याराव. जनावरांचे डॉक्टर गुरुलिंग स्वामी शेळ्या मोजायला आले. नव्वद शेळ्यांत चौऱ्याहत्तर डुलाच्या निघाल्या. शेजारच्या गावात दहात एक मिळायची मारामार.

"दुष्काळातनं हीच जात तगली," डॉक्टर संस्थेच्या सभेत म्हणाले. "डूल ही काटकपणाची खूण दिसते."

तात्याराव खूश झाले. "मग ठरलं. पैदाशीला डुलाचेच बोकड. बिनडुलाचे विकून टाकू."

तेवढ्यात मागं बसलेला धोंडीबा उठला. "म्हंजे साहेब, मुरुमात गेली ती तशी बी जगली नसती, व्हय ना? त्यातल्या एकाला बी डूल नव्हते."

"शक्य आहे," डॉक्टर म्हणाले.

मथुराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नऊ वर्षांत त्याचा चेहरा इतका सैल झालेला तिनं पाहिला नव्हता. गप्प बसावं, असं तिला वाटलं. पण विकायच्या बोकडांत तिच्या बिनडुलाच्या शेळीचा बोकड होता, आणि ती शेळी दर वेताला जुळी द्यायची.

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "मेली ती बी तशीच काटक व्हती. म्या फाटकातनं आठ मोजली, ती गेली. दुसरी आठ मोजली असती तर आज गावात एक बी डूल दिसला नसता."

डॉक्टरांनी वही काढली. जुळी किती, करडांची वजनं किती, मेली किती, हे डुलाच्या आणि बिनडुलाच्या शेळ्यांचं वेगवेगळं लावून पाहिलं. फरक काही निघाला नाही.

"मी उलटं वाचलं," ते शेवटी म्हणाले. "पाल्यापर्यंत पोचणारी जगली, ती गुणानं. डूल पसरले ते निव्वळ योगायोगानं. मूठभर जनावरं उरली की त्यांचंच रूप गावभर होतं. आणि सगळी एकाच बोकडाची, हे काही बरं नाही. बाहेरचं रक्त आणावं लागेल."

घरी जाताना धोंडीबा म्हणाला, "सांगायला नको व्हतंस."

"आवो, दरड कुठं जनावर बघून पडती? डुलाचा गुण न्हाय, तसा तुमचा बी दोष न्हाय."

तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरांबरोबर तुळजापूरकडच्या गावांत बोकड बघायला गेला. गळ्याकडं त्यानं पाहिलंच नाही. प्रत्येक ठिकाणी आधी बोकडाची आई दाखवा म्हणाला, आणि तिची करडं किती जगली ते विचारत बसला. संध्याकाळी दोन बोकड घेऊन आला, एक काळा, एक पांढऱ्या कानांचा.

मथुराबाईनं बोकडांना पाणी दाखवलं. "लई हिंडलात."

"बारा शेळ्या बघितल्या," धोंडीबा म्हणाला, आणि त्यातली प्रत्येक कशी होती ते सांगू लागला.