हरीओमनं बांधलेलं तोरण

वाशीमला खो-खोच्या विश्वचषकाचे सामने होणार, ही बातमी हरीओमनं भोंग्यावरून अशा आवाजात सांगितली की दूरच्या जऊळका गावच्या स्टेशनवर उभी असलेली मालगाडी शिट्टी समजून दोन डबे पुढं सरकली. जऊळक्याची माणसं असंच सांगतात, आणि जऊळक्याची माणसं खोटं बोलतात, पण एवढं नाही.

कस्तुराबाई ओट्यावर तूर निवडत होती. तिनं भोंग्याच्या दिशेनं पाहून एक खडा भिरकावला.

"या मेल्याचा गळा बसत काहून नाई?"

हरीओम यजमान समितीचा अध्यक्ष. समिती त्यानंच काढली, अध्यक्ष त्यानंच निवडला आणि हारही स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात घातला. त्याच्या पांढऱ्या जाकिटाला अशी इस्त्री असे की माशी बसली तर घसरून खाली पडे.

विश्वचषकाशी कस्तुराबाईचं काही वैर नव्हतं. वैर होतं हरीओमशी, आणि त्याला कारण होता आखर. जुन्या वस्तीच्या टोकाला जे मोकळं मैदान आहे, तो आखर. पोळ्याच्या दिवशी गावचे बैल तिथं जमतात, मैदानाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि मानाची जोडी पहिल्यांदा त्याखालून जाऊन ते तोडते. मान कस्तुराबाईच्या घरचा. नवरा गेला, वाटण्या झाल्या, निम्मं वावर रस्त्यात गेलं, पण मान राहिला. त्या एका संध्याकाळी सारं वाशीम तिच्या बैलांच्या मागं चालायचं.

आणि हरीओमला सामन्यांसाठी नेमका आखरच पाहिजे होता.

"काकू," तो ओट्यासमोर उभा राहून म्हणाला, "पाव्हणे मैदान पाहाले येऊन राह्यले. दिल्लीचा एक, परदेशातले दोन. तवा यंदा पोळा बायपासच्या पल्याड भरवू."

"ऐन पोळ्याच्या दिवशी बलावलं? घरात कॅलेंडर नाई काय तुह्या?"

"तारीख दिल्लीनं देल्ली."

"मंग दिल्लीतच खेळ ना बाबू. आमचे बैल कधी दिल्लीले आडवे गेले?"

"साऱ्या जगाचं लक्ष राहीन वाशीमवर. अन् तुमचं लक्ष बैलाच्या शेपटावर!"

"शेपूट हाय म्हणून लक्ष हाय. तुह्या गोठ्यात काय हाय? डिझेलचा डबा!"

हे त्याला झोंबलं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला, तेव्हापासून पोळ्याला तो नुसता टाळ्या वाजवायला येई.

"ठीक हाय," तो म्हणाला. "जागा नवी, तं मानही नवा. चिठ्ठ्या टाकू. तुमची निघाली तं निघाली."

"माह्या सासऱ्याच्या आज्याचा मान तू चिठ्ठीत घालतं?"

"घालतो. तुमच्या इकासले इचारा, तोही समितीत हाय."

विकास हा कस्तुराबाईचा एकुलता लेक. समितीनं त्याच्या छातीवर बिल्ला लावला होता, 'पार्किंगप्रमुख'. त्या दिवशी कस्तुराबाईनं त्याचं ताट अंगणात मोटारसायकलजवळ वाढलं.

"माय, हे काय?"

"पार्किंगप्रमुख गाडीजवळच बसत असते. खाय."

पोळा उजाडला. कस्तुराबाईनं तांब्या आणि काजळ्या या आपल्या बैलांना न्हाऊ घातलं, शिंगांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, पाठीवर झुली टाकल्या, पुरणपोळी चारली. तांब्याची शिंगं अशी की पावसाळ्यात त्यांच्यामध्ये ढग अडकून बसे आणि मग तो त्याला मान हलवून झटकावा लागे. बैल सजले खरे, पण न्यायचे कुठं? बायपासच्या पल्याड जाणार नाही अशी तिनं शपथ घेतली होती. गावचे साठ-सत्तर जोडीवालेही तिच्याकडं पाहून गल्ल्यागल्ल्यांत थांबलेले. ती दारात बसली, बैल दारात उभे, आणि ऊन कलत चाललं. आज दिवस बुडाला की एवढ्या पिढ्यांचं तिच्या हातून संपलं, हे तिला समजत होतं.

चारच्या सुमाराला विकास धावत आला. बिल्ला पळता पळता पाठीवर गेला होता.

"माय, चाल! तिकडं कोणीच आत जाऊन नाई राह्यलं!"

"आत कायच्या?"

"आखराच्या! तोरण बांधलं ना!"

झालं होतं असं. मंडपवाल्या देवानंदनं हरीओमला विचारलं होतं, की कमानीला प्लास्टिकची फुलं लावू का. हरीओम म्हणाला, पाव्हणे परदेशी आहेत, सारं अस्सल पाहिजे. मग आंब्याची ताजी पानं आली, सुताचा दोर आला आणि आखराच्या तोंडाशी, या खांबापासून त्या खांबापर्यंत, पोळ्याच्या दिवशी, तोरण चढलं.

कस्तुराबाई उठून उभी राहिली.

"दोर कोणं धरला?"

"हरीभाऊनं. सोता."

"मंग पोळा त्यानंच भरवला की," ती म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

आखरावर तोरण चढलं की पोळा भरला. मानाचे बैल जाईपर्यंत त्याखालून माणूस जात नाही. गेला तर त्याच्या घराला, गोठ्याला वर्षभर सुख नाही. हे वाशीमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त समितीच्या चाळीस जणांना ते दोर बांधून झाल्यावर आठवलं.

कस्तुराबाई बैल घेऊन पोचली तेव्हा तिन्ही पाहुणे गळ्यात हार घालून रस्त्यात उभे होते. समिती हात जोडून म्हणत होती, "या, या, आत या," आणि जागची हलत नव्हती. यजमान पुढं चालतील म्हणून पाहुणे थांबलेले. दिल्लीच्या साहेबानं एकदा पाय उचलला, तर चौघांनी त्याच्या बाह्या धरल्या. हरीओमनं विळा मागितला, तोरण कापायला. अख्ख्या वाशीमात विळा सापडला नाही.

शेवटी त्यानं ट्रॅक्टर मागवला. बोनेटवर झूल टाकली, हेडलाइटला कुंकू लावलं. चालवणारा राजपाल तोरणापर्यंत आला, त्यानं वर पाहिलं आणि किल्ली काढून खाली उतरला.

"भाऊ, म्या नाई. माह्या घरी दोन म्हशी गाभण हायेत."

तेवढ्यात कस्तुराबाईनं पदर खोचला आणि झडती दिली. पोळ्याला एकमेकांच्या नावानं अशा कवनांतून शिव्या घालायची चाल आहे. त्याचा राग धरायचा नाही, उत्तर द्यायचं. बायका सहसा देत नाहीत. पण आज तिला अडवणार कोण?

"आभाळ फाटलं, सुई हरपली, दोरा गेला दिल्लीले,
बैल इकून हऱ्यानं आनला इश्वचषक गल्लीले!
हर बोला..."

"हर हर महादेव!" गल्ल्यागल्ल्यांतून असा आवाज उठला की कमानीवरचा हरीओमचा फोटो उलटा झाला.

हरीओमनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोंडातून आलं, "सन्माननीय व्यासपीठ..." लोक हसून रस्त्यावर बसले.

तो तिच्याजवळ आला आणि दात आवळून म्हणाला, "काकू, बैल काढा."

"कुठून? पोळा तं बायपासच्या पल्याड हाय."

"पाव्हणे ताटकळून राह्यले."

"त्यायले चिठ्ठ्या टाकाले सांग."

"बरं, मान तुमचाच. झालं समाधान?"

"माह्या कानात कायले सांगतं? भोंग्यावर सांग. जऊळक्यापावतर आवाज जाऊ दे."

त्यानं सांगितलं. हळू सांगितलं, म्हणून तिनं दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग पितळी परात पुढं केली. तोरण बांधणाऱ्यानं मानाच्या बैलांचे पाय धुवायचे असतात. हरीओम गुडघ्यांवर बसला. काजळ्यानं पाय झटकला आणि त्या जाकिटावर माशी पहिल्यांदा न घसरता बसली.

तांब्यानं शिंगं उचलली, तोरण तुटलं. मागून साठ-सत्तर जोड्या सुटल्या. मैदानात पुण्याहून आणलेली निळी मॅट अंथरली होती, इतकी निळी की सकाळी बगळे तळं समजून उतरले होते. तिच्यावरून बैल गेले, परत आले आणि बैल जे करतात ते सारं त्यांनी सावकाश केलं. एका परदेशी पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. दिल्लीच्या साहेबानं वही मिटली.

महिन्यानं पत्र आलं. सामने दुसऱ्या शहराला गेले होते.

"एका म्हातारीनं शहर बुडवलं!" हरीओम भोंग्यावरून तीन दिवस ओरडत होता. लोकही कस्तुराबाईला बोलले. दुकानदार बोलले, लॉजवाले बोलले, खो-खो खेळणाऱ्या पोरी तर तोंड फिरवून गेल्या. त्या पोरींचं तेवढं तिला लागलं. बाकीच्यांना तिनं एकेक खडा मारला.

चौथ्या दिवशी भोंगा बंद झाला. हरीओम रिसोडच्या बाजारातून लालभडक बैलांची जोडी घेऊन आला आणि मुद्दाम तिच्या दारावरून नेऊ लागला.

कस्तुराबाई ओट्यावरून उतरली. जोडीभोवती फिरली, एकाची वेसण धरून तोंड उघडलं, दात पाहिले.

"बैल चांगले हायेत," ती म्हणाली.

हरीओमची छाती फुगली.

"येजो पोळ्याले. माह्या बैलायच्या मांगं उभा राहाजो," ती म्हणाली. "अन् परात घरूनच आनजो."