मला नवी म्हणणाऱ्यांनो

मी एक जुनी किडनी आहे. दवाखान्यात मात्र सगळे मला 'नवी किडनी' म्हणतात. मला डोकं नाही म्हणून, नाहीतर ते केव्हाच फिरलं असतं. मित्रांनो, ज्याच्या पोटात मी राहते, त्याच्यापेक्षा मी चार वर्षांनी मोठी आहे. मी मूळची त्याच्या ताईची.

ताई कपडे शिवते, धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवतो. ताईचं रक्त गाळत मी वर्षानुवर्षं मुकाट राबले. मग धाकट्याच्या दोन्ही किडन्या थकल्या. "माझ्याकडे दोन आहेत ना, एक तुला," असं ताई म्हणाली, लहानपणी खाऊ वाटताना म्हणायची तसंच.

मला बाहेर काढलं, बर्फावर ठेवलं. रक्ताचा थेंब नाही. मग धाकट्याच्या पोटात टाके घालून एकदम रक्त सोडलं. त्या लोंढ्याने माझं उपाशी अंग सोलवटून निघालं. आणि स्वागत कसं झालं म्हणता? शरीरात जन्मापासून गस्त घालणाऱ्या पेशी असतात. या पहारेकऱ्यांनी माझं नावगाव विचारलं नाही. त्यांना दिसली फक्त माझी जखम, आणि त्यांनी बोंब ठोकली. ती ऐकून शिकलेले सैनिक, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पेशी, धावून आले. आपलं कोण, परकं कोण, हे ओळखणारे ते हेच. सख्ख्या बहिणीची किडनी, आणि त्यांनी मला परकी ठरवलं. याचा राग मला अजून येतो.

धाकट्याला रोज घ्यायला दिलेल्या गोळ्यांनी सैनिकांना आवरलं. माझी जखम भरत आली तसे पहारेकरीही निवळले. काही जण माझ्या दारातला कचरा उचलू लागले, इतरांना शांत करू लागले. भडकवणारे तेच आणि समजूत घालणारेही तेच, काय बोलणार? पण माझं बस्तान बसलं. धाकट्याच्या तोंडावर तेज आलं.

आणि मग या शहाण्याने गोळ्या बंद केल्या.

गोळ्यांनी त्याचा हात थरथरायचा. एका गिऱ्हाईकाने पाटी परत पाठवली, म्हणे अक्षरं नाचतायत. धाकट्याला ते फार लागलं. "आता ती माझीच झालीये, गोळ्या कशाला?" असं स्वतःशीच म्हणत त्याने डबी कपाटात सारली. त्याची अक्षरं सरळ झाली. इकडे सैनिक माझ्यावर तुटून पडले, मला जखमा झाल्या, आणि त्या पाहून पहारेकऱ्यांनी पुन्हा बोंब ठोकली. मी ओरडणार कशी? मी लघवी कमी केली, त्याचे पाय सुजवले. तेवढीच माझी भाषा.

डॉक्टरबाईंनी सुई खुपसून माझा तुकडा तपासला. जोराची औषधं चालली. मी वाचले, पण माझा काही भाग कायमचा गेला.

ताई खाटेशेजारी बसली होती. ती चिडली की हळू बोलते.

"हात थरथरतो हे मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली, ताई. पाटीवाल्याचा हात थरथरतो म्हणजे काय?"

"आणि माझी किडनी वाया घालवायला नाही वाटली?"

मग धाकट्याने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गोळी बदलून दिली. थरथर कमी झाली, पुरती गेली नाही.

घरी आल्यावर त्याने पहिली पाटी ताईच्या दुकानाची रंगवली: 'कपडे शिवून मिळतील'. ताईने ती त्याच दिवशी दारावर लावली.

मित्रांनो, कुणी दिलेलं आपलं झालं, की ते जपायचं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. गोळी जाचत असेल तर डॉक्टरांना सांगा, डबी कपाटात सारू नका. आणि त्या दुकानावरून गेलात, तर 'मिळतील'मधली दुसरी वेलांटी पाहा. ती जराशी थरथरलेली आहे. तिला हसाल तर माझ्याशी गाठ आहे. त्या थरथरीवरच मी जगते आहे.