नोव्रीच्या खुंटीवरचा सूट

"हात काढ गं हौदातून, कॉफी निवली," मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले.

डीचे हलली नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात आणि चेहरा पांढराफटक. मी हात पुसत तिच्याजवळ गेले.

"सिन, हे बघ." तिच्या एका हाताखाली नोव्रीचा, तिच्या मुलाचा, डायव्हिंगचा जुना सूट होता. हात काढताच तो चिंधीसारखा तळाशी जाऊन बसला. दुसऱ्या हाताखाली जाड रबराची नवी बंडी होती. तिने ती दाबली आणि सोडली, तर टुणकन वर. पुन्हा दाबली, पुन्हा वर.

"मग? रबर तरंगणारच."

"अगं, ह्याच रबराचा सूट घालून पोरगं समुद्रात गेलंय. आणि पट्ट्याला शिसं जुन्या सुटाच्या मापाचं."

माझ्या हातातला फडका तसाच राहिला.

नोव्री पाळण्यात होता तेव्हापासून डीचे आमच्या रिसॉर्टवरचे डायव्हिंगचे सूट धुते. उलटे करून गोड्या पाण्यात बुचकळायचे, निथळवायचे आणि रुंद हँगरवर सावलीत टांगायचे. कुणी उन्हात टांगला तर ती पाहुण्याचीही भीड ठेवत नाही. आमच्या गाइडांना ज्याची त्याची खुंटी असते. वर सूट, खाली शिशाचा पट्टा. सुटाला हात डीचेचा, पट्ट्याला फक्त ज्याचा त्याचा. आमच्या बुनाकेन बेटावर हे कुणाला सांगावं लागत नाही.

नोव्रीचा सूट वापरून वापरून कागदासारखा पातळ झाला होता. शेवटच्या बुडीनंतर पोरगं दात वाजवत यायचं आणि हिचा जीव तुटायचा. काल एक उंच डच बाई जाताना आपला कोरा सूट आणि बंडी हिला देऊन गेली. हिने आज सकाळी गुपचूप सूट नोव्रीच्या खुंटीवर लावला आणि जुना लपवला. तो काय खूश. "आई, लग्नासाठी ठेवायचा होतास की," म्हणाला आणि पाहुण्यांना घेऊन गेला.

जाड सूट माणसाला वर ढकलतो, त्याला शिसं जास्त लागतं. खाली जाताना रेटून जाता येतं, पण शेवटी सिलिंडर रिकामं होऊन हलकं झालं की माणूस बुचासारखा वर फेकला जातो. भराभर वर आल्यावर काय होतं, ते डीचेला कुणी शिकवायला नको. तिचा नवरा बेर्टी तोंडात हवेची नळी धरून खोल मासे मारायचा. एकदा घाईने वर आला, तेव्हापासून कमरेखाली लुळा. सुटांच्या शेडमागच्या घरात पडवीत बसून असतो आणि समुद्राची एकही वस्तू घरात येऊ देत नाही.

मी बोटीवर फोन लावला, पण प्रवाळाच्या कड्यापाशी रेंज कुठली. तेवढ्यात डीचेने शेडमधले जादा शिशाचे तुकडे लुंगीसारख्या सारोंगच्या ओच्यात घेतले आणि सरळ होडीवाल्या सेमच्या होडीत जाऊन बसली. ही बाई कधी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेलेली नाही.

"मावशी, तू आणि होडीत?" सेम हसला. "आज काय नवस फेडतेस?"

"मशीन चालू कर."

तिचा आवाज ऐकून त्याने लगेच मशीनची दोरी ओढली. मी चुलीवरचा भात तसाच टाकून तिच्याशेजारी बसले. वाटेत ती एवढंच म्हणत होती, "सेम, अजून जोरात."

मोठी बोट दिसली. तिच्या कठड्यावर नोव्रीचा नवा सूट लटकत होता. रिकामा, दोन्ही हात खाली सोडलेले.

डीचेने माझं मनगट धरलं. "अंगावरून काढला त्याच्या," ती म्हणाली. "सिन, काढला गं अंगावरून."

बेशुद्ध माणसाला वर आणलं की आधी सूट उतरवतात, हे इथल्या लेकरांनाही ठाऊक आहे. मी देवाचं नाव घ्यायला गेले, तर तेही आठवेना.

बोटीवरचा नावाडी तळलेली केळी मिरचीच्या चटणीत बुडवून खात होता. "नोव्री? खाली आहे की. सूट बुडेना, जादा शिसं पाहुण्यांनाच पुरलं नाही. मग शिव्या घालत काढला आणि बनियनवर गेला."

डीचेने एकदा सुटाकडे पाहिलं. "उन्हात कुणी टांगला हा?" एवढं विचारलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

नोव्री वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. "आई, तू होडीत?"

"गप. ओठ बघ स्वतःचे."

त्याला तिच्या ओच्यातलं शिसं दिसलं. पोर शहाणं आहे, सगळं समजलं त्याला. सगळ्या पाहुण्यांदेखत त्याने ओलं कपाळ आईच्या गुडघ्यावर टेकवलं.

दुपारी डीचे पडवीत बसली, मांडीवर नवा सूट, हातात कात्री. "तुकडे करते ह्याचे. चुलीत घालते."

बेर्टीने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता सूट बाहेर फेकायला लावणार. तो म्हणाला, "इकडे दे."

त्याने रबर चिमटीत धरून दाबून पाहिलं. "चांगला आहे. पोराला थंडी वाजते. पट्टा आण."

"पट्ट्याला मी हात लावत नाही."

"तू नकोस लावू."

नोव्रीने स्वतः आपला पट्टा आणून बापाच्या मांडीवर ठेवला. बेर्टी एकेक शिसं तळहातावर तोलून पट्ट्यात ओवू लागला. एक काढलं, त्याहून लहान घातलं. एवढा भार पायांवर होता, पण त्याला तो कळतही नव्हता. शेवटी त्याने बक्कल लावलं. "उद्या आधी उथळ पाण्यात बघ," मुलाला म्हणाला. "मग जा."

डीचेने सूट सावलीत टांगला, नोव्रीने खाली पट्टा. ती परत आली तेव्हा बेर्टीच्या पांढऱ्या लेंग्यावर शिशाचे काळे डाग पडले होते. ती ओला फडका घेऊन पुसायला वाकली, तर त्याने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला.