मिठागरवाल्याचं चरित्र

आमच्या कारखान्यात दर रविवारी शहाणी माणसं जमत. कारखाना म्हणजे सोफे-खुर्च्या दुरुस्त करायची एक लांबट खोली. आमचे हे जुनी बैठक फाडून आतला काथ्या, फोम, स्प्रिंगा बदलतात आणि मी खिडकीपाशी मशीनवर खोळी शिवते. रविवारी हातोडी बंद असे, म्हणून मंडळी गिऱ्हाइकांच्या अर्धवट दुरुस्त झालेल्या खुर्च्यांवर बसून कुणीही न वाचलेली पुस्तकं वाचत. माझं मशीन मात्र चालूच असे, कारण तत्त्वज्ञानानं खोळी शिवून होत नाहीत.

मंडळींचे म्होरके होते निवृत्त मास्तर. त्यांचा एक लेख कधीकाळी विद्यापीठानं साभार परत पाठवला होता, तेव्हापासून विद्यापीठात जे जे शिकवलं जातं त्यावर त्यांचा दात होता. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून कंटाळलेल्या. एक विमा एजंट होता, तो सगळ्याला मान डोलवायचा. आणि आमचे हे. यांना दुसरे मित्र नाहीत. आठवडाभर खिळे ठोकायचे आणि रविवारची वाट बघायची, एवढंच यांचं सुख.

मंडळींचा एक नियम होता. पुस्तक उघडण्याआधी मास्तर लेखकाचं नाव घेऊन विचारत, "कुणी ओळखतं का याला?" सगळे "नाही" म्हणाले की वाचन सुरू. एकाचाही हात वर गेला की पुस्तक बाद. मास्तरांचं म्हणणं असं, की ज्याला जगानं ओवाळलं त्यात काही राम उरत नाही. त्या नियमामुळे काय काय वाचलं गेलं! वेड्यांच्या इस्पितळात कुणीतरी काळाविषयी लिहिलेला ग्रंथ, एका सुईणीनं मांडलेलं झोपेचं तर्कशास्त्र, जगात रंगच नाहीत असं सिद्ध करणाऱ्या रंगाऱ्याची पत्रं. खोटं कशाला बोलू, त्यातलं काही काही ऐकताना माझा पाय मशीनवर थांबायचा.

पण असली पुस्तकं काय झाडाला लागतात? हळूहळू टंचाई झाली. आणावं ते कुणीतरी फोनवर कुठेतरी पाहिलेलं असायचं. मास्तर चिडायला लागले. पुस्तक आणायची यांची पाळी आली तेव्हा हे कोरडेच होते. तरी रविवारी कागदांचा गठ्ठा घेऊन बसले. म्हणाले, "मिठागरात हिशेब ठेवणारा एक कारकून होता, त्यानं लिहिलंय. मूळ कागद त्याच्या लांबच्या नातलगांकडे आहेत, मी उतरवून आणलंय." मास्तरांनी विचारलं, "कुणी ओळखतं का?" कुणीच ओळखत नव्हतं.

मी ओळखलं. लगेच नाही, पण पुढच्या एका रविवारी हे वाचत होते, "दोन माणसं एका घरात राहिली, की एकाची सवय हीच दुसऱ्याची जागा होते." हे वाक्य यांनी मला मोरीपाशी ऐकवलं होतं. भांडी घासायची पाळी कुणाची, यावरून आमची जुंपली होती तेव्हा. मी मान वर करून बघितलं तर यांचे कान लाल. मी पुन्हा मशीन चालू केलं. लिहिलं चांगलं होतं. मधेमधे पाल्हाळ होतं, पण चांगलं होतं. ज्या वस्तूवर आपण बसतो तिला आपलं वजन कळतं आणि ज्या माणसावर विसंबतो त्याला ते कळत नाही, असं बरंच काही.

मंडळी तर त्या मिठागरवाल्याच्या पाया पडायचीच बाकी राहिली. डॉक्टरीणबाईंनी सगळं टाइप करून घेतलं. एजंट दर वाक्याला "वा" म्हणायचा. मास्तर म्हणाले, असा माणूस विद्यापीठात शंभर वर्षं शोधला तरी मिळायचा नाही, आणि पुस्तक छापायचं ठरवून प्रस्तावना स्वतःकडे घेतली. एका रविवारी डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "हा माणूस जिवंत असता ना, तर मी नुसता त्याचा हात हातात धरून बसले असते."

त्या वाक्यानं घात केला. मंडळी गेल्यावर हे खोलीभर फिरत राहिले.

"सांगून टाकतो," म्हणाले. "छापण्याआधी सांगायलाच हवं."

"अहो, कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी म्हटलं. "त्यांना आवडलंय ना? मग गप राहा."

"त्यांना तो आवडलाय गं. मी नाही."

मी खुर्च्या भिंतीला लावायला घेतल्या.

पुढच्या रविवारी हे उभे राहिले आणि म्हणाले, "मिठागरवाला असा कुणी नाही. ते मी लिहिलंय." एजंट हसला, कारण त्याला वाटलं हसायचं असतं. मग कुणीच हसेना.

मास्तर शांतपणे म्हणाले, "गादीवाले, मोह सगळ्यांना होतो. पण मेलेल्या माणसाचं असं लाटू नये."

यांनी पानंच्या पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. मास्तर म्हणाले, "उतरवून काढलंत, पाठ होणारच." मग हे इरेला पेटले. पार्सलचा जाड कागद पुढे ओढला आणि सगळ्यांच्या देखत एक परिच्छेद लिहिला. मास्तरांनी तो चष्मा पुसून वाचला. "शैली उचललीय," म्हणाले, "पण त्याचं दुःख यात नाही. वरवरचं आहे."

मला राहवलं नाही. मी मशीनवरून उठून म्हटलं, "अहो मास्तर, ते सवयीचं वाक्य मला बोललेत हे. आमच्या मोरीत."

"वहिनी, तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच," मास्तर म्हणाले. डॉक्टरीणबाई माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होत्या. यांना त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं." त्यांनी टाइप केलेली प्रत पर्समध्ये घातली आणि सगळे निघून गेले.

पिकतं तिथं विकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण हे लोक स्वतःला त्याहून वेगळे समजत होते. जगानं टाकलेला माणूस त्यांना हवा होता, पण तो लांबचा आणि मेलेला. समोर बसून त्यांनाच पाण्याचे पेले भरून देणारा नको होता. विद्यापीठानं मास्तरांना जे केलं तेच मास्तरांनी यांना केलं, आणि वर त्याला तत्त्व म्हणाले. मला संताप आला होता. अजून येतो.

मग रविवारी कुणी येईना. मंडळी आता डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंटांच्या बाकांवर जमत असल्याचं कळलं. यांचं बोलणं बंद झालं. कामातही लक्ष नव्हतं. एक गिऱ्हाईक खुर्ची परत घेऊन आलं, बैठकीतून खिळा वर आला होता. मी माफी मागितली, हे भिंतीकडे बघत राहिले. मी म्हटलं, आपण आपलं छापू, तुमच्या नावानं. तर म्हणाले, "वाचणार कोण? तू?" मला लागलं ते, पण मी गिळलं.

एक दिवस मास्तर आले. बसले नाहीत. पुस्तक छापखान्यात आहे, म्हणाले, पण शेवटचं प्रकरण अपुरं वाटतं. मिठागरवाल्याच्या नातलगांकडे आणखी कागद असतील तर बघा. त्याच्या आयुष्याचीही थोडी माहिती हवी, चरित्राशिवाय लोक पुस्तक हातात घेत नाहीत. "झालं ते झालं," मास्तर म्हणाले. "मंडळींसमोर एकदा चूक कबूल करा. तुमची जागा आहेच की."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. स्पष्ट हलवली. यांना ती दिसली.

रविवारी हे इस्त्रीचा सदरा घालून दवाखान्यात गेले.

दुपारी परतले ते वेगळेच होऊन. पोटभर जेवले. कधी नव्हे ते भाजी छान झालीय म्हणाले. एजंटनं पाठीवर थाप मारली, डॉक्टरीणबाईंनी चहा दिला, असं यांनी सांगितलं. काय कबूल केलं ते मी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही. मग कागद पुढ्यात घेऊन बसले. मी खोळीला चेन लावत होते.

"मिठागरवाल्याचं मरण कसं दाखवू गं?" यांनी विचारलं. "मास्तरांना चार ओळी हव्यात."

"बायको होती का त्याला?"

"नाही. मास्तरांचं मत पडलं, की असा माणूस एकटाच असणार. मग मी हो म्हटलं."

मी चेन पुरी लावली आणि धागा तोडला.

"मग लिहा," मी म्हटलं, "की शेवटी त्याच्या तोंडात पाणी घालायलाही कुणी नव्हतं. लोकांना लगेच खरं वाटेल."

यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. पुन्हा एकदा वाचून पाहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "छान सुचलं तुला."